घंटेची जीभ

घंटा तीच — पितळेची, मुठीएवढी, काठाला टवका उडालेली — पण गळा भलताच. शेणाची पाटी हातात तशीच धरून तो बघत राहिला, कारण कळपाची म्होरकी गाय तर पलीकडच्या शेडमध्ये होती, लाळ्या-खुरकूत झाल्यापासून एकटी, तोंडात फोड, खुरं सोललेली... आणि तिची घंटा इथे धडधाकट ठुमकीच्या गळ्यात, पहिला नंबर आल्यासारखी डुलत होती.

काय करायचं बाकी ठेवलं होतं त्याने? गोठ्याच्या दाराशी पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं, तर घरातले त्यावरून उड्या मारून जात — मावशी तर गुडघेदुखी विसरून हरणीसारखी. म्होरकीची बादली वेगळी, दावं वेगळं, तिच्याकडे जायचे बूट वेगळे. फवारणीचा पंप पाठीवरून उतरेना म्हणून त्याचं नावच पडलं फवारा. 'झोपताना तरी काढा,' बायको म्हणाली होती. एवढं सगळं करून... घंटा त्याने कशात मोजलीच नव्हती. ती वस्तू थोडीच, ती तर आवाज.

"बाबा, ही कोणी आणली?"

"मी. एकही गाय धारेला हलेना. म्होरकी नाही, तर निदान तिचा आवाज पुढे."

"तिकडचं काही इकडे आणायचं नाही, कितीदा सांगितलं!"

"म्होरकीला कुठे आणली? आणि पुसून घेतली की चांगली."

"कशाने?"

बाबांनी खांद्यावरच्या टॉवेलाकडे पाहिलं. म्होरकीची लाळ ते रोज त्याच टॉवेलाने टिपत.

याच घंटेमागून एकदा लांडगा रांगेत गोठ्यात शिरला, रात्रभर वैरण खाल्ली आणि सकाळी त्याची धार काढायला बसल्यावर लाजून पळाला, असं बाबा शपथेवर सांगत. अशा माणसाला लागण म्हणजे काय, हे कोणत्या तोंडाने समजवायचं? त्याने आवाज चढवायला श्वास घेतला — आणि सकाळ आठवली. चहा पिताना टण् ऐकून वाटलं होतं, म्होरकी उठली, मान हलवतेय, खातेय... कधी नव्हे तो दुसरा कप मागितला, गुणगुणत दाढी केली. तेव्हा ती ठुमकी होती. ठुमकीच्या रोगावर तो खूश झाला होता.

त्याने पाटी खाली ठेवली.

ठुमकीच्या गळ्यातली घंटा सोडून औषधाच्या बादलीत बुडवली. पाण्याखाली ती एकदा बोथट वाजली. मग ठुमकीला बाजूला बांधलं — ना इकडे, ना तिकडे. तिच्या ओठावरून लाळेची एक चकाकती तार लोंबत होती. रवंथ करताना सगळ्यांचीच गळते... सगळ्यांचीच? तार तुटेना.

फाटकाशी बाकीच्या गाई जागच्या जागी खोळंबल्या होत्या.

"वाजव की एकदा," बाबा हळूच म्हणाले. "ओली का असेना. येतील त्या."

घमेल्यात दोन्ही बूट रोवून, बादलीतून काढलेल्या घंटेची जीभ बोटांत गच्च धरून तो उभा राहिला — सोडली तर वाजेल, आणि वाजली तर आपण पुन्हा खूश होऊ, अशी त्याला भीती वाटत होती.