वर बघणारी कोंबडी

सकाळी दहाला दार उघडलं की रांग ढकलाढकली करत आत यायची आणि आत आली की कुजबुजायला लागायची. कारण गणवेश बेतायच्या लांब टेबलावर कोंबडी बसलेली होती आणि कोंबडी वर बघत होती.

मान पाठीला टेकेल इतकी मागे गेलेली, थोडी उजवीकडे पिळलेली. चोच थेट छताकडे. पाय पोटाखाली दुमडलेले, बोटं आत वळलेली. हिला वर काहीतरी दिसतंय, असं लोकांनी ठरवून टाकलं. छताला पापुद्रे सुटले होते, ते कोणी मोजले नाहीत.

"ही कोंबडी नव्हे," डगलेवाला म्हणाला. "ही खिडकी आहे. तिकडचं इकडे येतं ते हिच्यातून."

डगलेवाला म्हणजे गेल्या वर्षापर्यंत दारोदार पाणी गाळायची यंत्रं विकणारा माणूस. यंत्रं ठिबकायला लागली तसा नाहीसा झाला आणि पायघोळ पांढरा डगला घालून परत आला. आता आवाजही पायघोळ झाला होता.

शिंपीण कोपऱ्यातल्या मशीनवर कॉलरी जोडत हे ऐकत होती. कोंबडी तिची. चिंध्यांच्या टोपलीत, तिच्या पायाशी वाढलेली. तीन आठवड्यांपूर्वी तिचे पाय लटपटायला लागले, मग मान गेली. शिंपीण तिला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे निघाली, तर दारातच सासूबाईंनी अडवलं. सासूबाईंनी शेजारणीला बोलावलं, शेजारणीने डगलेवाल्याला. त्या दिवसापासून ही रांग.

*

सत्र, जसं झालं तसं:

"विचारा."

"रक्तदाबाच्या गोळ्या," पाववाला म्हणाला. "घेत राहू का? नाही, म्हणजे डोकं जड होतं हो त्यांनी."

"सोडायच्यात तुम्हाला."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुमचं कपाळ म्हणालं."

टेबलाच्या एका टोकाला 'हो'चा कागद, दुसऱ्या टोकाला 'नाही'चा. डगलेवाल्याने कोंबडी उचलली, डोळे मिटले, ओठ हलवले आणि तिला मधोमध ठेवलं. ती थरथरली, पंख आपटले आणि 'नाही'च्या बाजूला कलंडली.

रांगेने सुस्कारा सोडला. डगलेवाल्याने दक्षिणेच्या ताटाकडे न बघता ते पुढे सरकवलं.

"आई, तिला लागतंय," शिंपीण म्हणाली.

"तुला लागतंय," सासूबाई म्हणाल्या. "घरात चार माणसं येतात ते बघवत नाही तुला. इतकी वर्षं कोण विचारत होतं आपल्याला?"

"वाळत चाललीय ती."

"पांढरा तांदूळच घालतेस ना? साहेब म्हणालेत, दुसरं काही पोटात गेलं तर दृष्टी जाईल."

शिंपिणीने पुढची कॉलर सुईखाली सरकवली. पांढरा तांदूळ ही साहेबांची अक्कल नव्हतीच, तिची होती. इस्पितळाच्या पांढऱ्या गणवेशांचं काम आलं होतं आणि कोंबडी कापडावर घाण करायची. कोंडा, पाला खाल्ला की डाग गडद पडायचा, धुऊनही जायचा नाही. म्हणून दोन महिने तिने तिला नुसता पॉलिशचा तांदूळ घातला. डगलेवाल्याने वाडग्यात जे दिसलं त्याचा नियम करून टाकला, बस.

*

खडू.

शिंपिणीच्या हातात तो असतोच. दुसऱ्या दिवशी टेबल पुसायचं निमित्त करून ती दर प्रश्नानंतर खुणा करत गेली. कोंबडीचं तोंड ज्या दिशेला ठेवलं तिकडे बाण, ती जिथे पडली तिथे फुली. नऊ बाण, नऊ फुल्या. एकीचा बदलीचा प्रश्न, एकाचा जावयाचा, एकाला नुसतंच बरं ऐकायचं होतं. काही फुल्या 'हो'कडे, काही 'नाही'कडे.

पण प्रत्येक फुली बाणाच्या उजवीकडे.

अर्थात. मान उजवीकडे पिळलेली, तोलही उजवीकडेच जाणार. तोंड खिडकीकडे केलं की उजव्या हाताला 'हो', भिंतीकडे केलं की 'नाही'. कसं ठेवायचं ते डगलेवाला ठरवत होता, आणि काय ऐकायचंय ते गिऱ्हाईक कपाळावर लिहून आणत होतं.

डगलेवाला जेवायला गेला तशी ती कोंबडी घेऊन मागच्या दाराने निघाली.

*

"खायला काय घालता?" डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला.

शिंपिणीने सांगितलं. गणवेशांसकट सगळं.

"कोंड्यात बी-वन जीवनसत्त्व असतं. पॉलिश केलं की ते जातं. ते मिळालं नाही की नसा उपाशी राहतात. आधी पाय जातात, मग मान अशी मागे ओढली जाते." त्यांनी सुई टोचली. "मान एक-दोन दिवसांत खाली यावी. पाय वेळ घेतील. अजून आठवडाभर हेच चाललं असतं ना, तर मेली असती."

"म्हणजे मीच केलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालंय."

*

ती परतली तेव्हा रांग उभी होती. पाववालाही आला होता. तोंड लालबुंद, कानशिलं दाबत.

"कुठे नेली होतीत तिला?" डगलेवाला म्हणाला.

"माझा एक प्रश्न आहे. पाववाल्यांचाच. त्यांनी गोळ्या घ्याव्यात का?" तिने कोंबडी खिडकीकडे तोंड करून ठेवली, तिच्या उजव्या अंगाला तळहात धरला. कोंबडी तळहातावर कलंडली. "हो म्हणाली." उचलून भिंतीकडे फिरवली. पुन्हा तळहातावर. "आता नाही म्हणाली. कुठलं धरू?"

डगलेवाला डगला सावरत पुढे आला.

"अविश्वासाच्या हातात शक्ती—"

"मग तुमच्या हाताने ठेवा. खिडकीकडे तोंड करून 'नाही' म्हणायला लावा तिला. एकदाच."

डगलेवाल्याने घड्याळ बघितलं. "आज वेळ अनुकूल नाही."

"मी कालपासून बंद केल्यात हो गोळ्या," पाववाला म्हणाला, कोणालाच उद्देशून नाही. मग डोक्यावर टोपी घालून तो दवाखान्याच्या दिशेने चालू लागला.

*

पुढचं कोणी बघायला आलं नाही. कोंडा आणि यीस्ट पाण्यात कालवून, ड्रॉपरने, चोचीच्या कडेने, थेंब थेंब. घाई केली तर श्वासनळीत जातं. उरलेल्या कापडाची झोळी शिवली, पायांसाठी दोन भोकं ठेवून, आणि दोन खुर्च्यांमध्ये टांगली. अंगाचा भार पायांवर नको. वळलेली बोटं रोज हाताने सरळ करायची.

दुसऱ्या दिवशी मान निम्मी उतरली. तिसऱ्या दिवशी कोंबडीने जमिनीकडे बघितलं.

रांगेतले चार चिवट लोक आले. कोंबडी वाडग्यात चोच मारतेय हे बघून त्यांची तोंडं पडली.

"घालवलीस तिची दृष्टी," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तिला आता दाणा दिसतो."

आजारी होती तोवर ती देवदूत. बरी झाली तर नुसती कोंबडी. एका मुक्या जिवाची वेदना या लोकांनी संदेश म्हणून वाचली, कारण संदेश फुकट वाचता येतो, वेदनेसाठी मात्र ड्रॉपर धरून बसावं लागतं. डगलेवाल्याला फार डोकं लागलंच नाही. त्याला फक्त अशी माणसं लागली, ज्यांनी एकदाही विचारलं नाही की ही खाते काय, आणि दरवेळी एकाच अंगावर का पडते.

हे दोन प्रश्न विचारायला शिकलेलं असावं लागत नाही. कोणी काही अद्भुत दाखवलं तर विचारा. उत्तर देताना तो घड्याळ बघायला लागला, तर तुमची गोळी घ्या आणि घरी जा.

महिन्याभराने कोंबडी झोळीतून उतरली. डावा पाय अजून ओढते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, मध्ये दोनदा बसते, पुन्हा उठते.