धुळीआडचा तेजोमेघ

चाळीस वर्षं लोकांना चष्मे करून देणाऱ्या दाजींचे स्वतःचेच डोळे आता दगा देत होते. डावा गेलाच होता, उजवाही त्याच वाटेवर आहे असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. पण दाजी ऐकतील तर शपथ!

"समोरची मिठाची बरणी दिसत नाही आणि म्हणे आकाशातली धूळ बघायचीय," बायको करवादली. दाजी मेहुण्याचा हात धरून गच्चीवर गेले.

मेहुणा शाळेत चित्रकला शिकवायचा. दोघांचा वीस वर्षांचा नेम होता. काळ्या धुळीच्या ढगात दडलेला एक फिकट तेजोमेघ दुर्बिणीतून बघायचा, आपापल्या कागदावर काढायचा, मध्ये अवाक्षर बोलायचं नाही, मग कागद शेजारी ठेवायचे. इतकं पुसट काही खरंच दिसलं की नुसतं वाटलं, हे त्यावरूनच ठरायचं. चित्रं जुळली नाहीत त्या दिवशी दुर्बीण शाळेला देऊन टाकीन, असं डोळा गेल्यापासून दाजी म्हणत. दोन वर्षं ते त्याच धास्तीत होते.

दुर्बीण लावून झाली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोघं अर्धा तास गप्प बसले. मग मेहुण्याने डोळा लावला, चित्र काढलं आणि तो बाजूला झाला. दाजी वाकले. तारा एकही दिसेना, पण धूळ तारे झाकतेच. रोखून पाहिलं की असली वस्तू हरवते, म्हणून त्यांनी नजर जराशी बाजूला नेली, श्वास धरला. आणि दिसला की! डावीकडे कललेला, टोकाशी विरत गेलेला पुंजका.

विजेरीच्या मिणमिणत्या लाल उजेडात कागद शेजारी ठेवले. तंतोतंत जुळले.

"आहे की नाही अजून दम?" दाजी हरखून म्हणाले.

"आहे, दाजी."

त्याच खुशीत दाजी दुर्बिणीच्या तोंडाला झाकण लावायला गेले. हाताला आधीच लावलेलं झाकण लागलं.

"हे तू लावलंस?"

"नाही."

दव बसू नये म्हणून अर्ध्या तासापुरतं दाजींनीच ते लावलं होतं. काढायचं राहून गेलं होतं.

"मग तुला दिसलं कसं?"

मेहुण्याने मान खाली घातली. "मी बघतच नाही, दाजी. दोन वर्षं झाली. तुम्ही काय काढणार ते मला पाठ आहे. तुमचं मन मोडवेना."

दाजींना संताप यायला हवा होता. तो आलाच नाही. ते स्टुलावर बसले आणि त्यांना रडू फुटलं.

"तू निदान जाणूनबुजून खोटं काढलंस," ते म्हणाले. "मला तर तो खरंच दिसला रे."