बॉनेट गरम का होतं?

मित्रांनो, मी जुनी आहे हे मी लपवत नाही. पण मला कुणी खटारा म्हटलं की अजूनही अंगाचा तिळपापड होतो. मी आहे दोनच माणसं बसतील अशी, जमिनीलगत धावणारी स्पोर्ट्स कार. जपानमधल्या कारखान्यात जन्मले, जहाजातून मलेशियात आले आणि इथलीच होऊन गेले.

माझे पहिले मालक क्वालालंपूरचे दातांचे डॉक्टर शिवनेसन. किल्ली फिरवली की माझं इंजिन स्थिर होईपर्यंत ते शांत बसून राहत. पुढे त्यांचे गुडघे गेले, खाली वाकून माझ्यात बसणं जमेना, तेव्हा त्यांनी डोळ्यांत पाणी आणून मला विकलं. मला घेतलं कीट नावाच्या तरुणाने. त्याला वेगाची भारी हौस. एकदा डोंगराच्या चढावर तापमानाची सुई लाल रेघेत गेली, तरी मित्रांच्या गाड्या पुढे गेल्या म्हणून हा थांबेना. त्या दिवशी माझ्या इंजिनाच्या हेडखालचं गॅस्केट, म्हणजे पाणी आत शिरू न देणारी पातळ पट्टी, जळलं. तेव्हापासून मी रात्रभर उभी राहिले की रेडिएटरचं पाणी झिरपून इंजिनात जायचं. कीटने मला काढून टाकलं.

मग मी इपोहला याप यांच्या यार्डात आले. जुन्या गाड्यांचे ते व्यापारी, सगळे त्यांना ‘ताउके’, म्हणजे शेठ, म्हणत. त्यांनी मला झकास लाल रंग दिला. गिऱ्हाईक यायचं असलं की ते आधीच मला सुरू करून चांगलं तापवत. पांढरा धूर निघून जाई, थरथर थांबे आणि मग मी लोण्यासारखी चाले. मला त्या सोंगाची चीड यायची. पण गाडीला कुठलं तोंड? बोलतं ते इंजिन, आणि तेही तापलं की गप्प बसतं.

तरीही मी लवकर खपेना. “ही या महिन्यात गेली नाही तर कापून सुटे भाग विकायचे,” ताउके एकदा बायकोला म्हणाले. मी ते ऐकलं.

अशात सुक-यी आली. डोंगरावर तानाह राताच्या शाळेत ती नुकतीच शिक्षिका झाली होती. दर आठवड्याला घाट उतरून इपोहला आईकडे यायचं, तर गाडी हवीच होती. आणि माझ्यासारखी गाडी हे तर तिचं शाळेपासूनचं वेड. साठवलेली सगळी पुंजी ती माझ्यावर लावणार होती. तिने आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

“ताउके, ही गरम कशी?”

“इपोहचं ऊन, पोरी! माझं टक्कलही तापलंय, हात लावून बघ.”

“ऊन शेडच्या बाहेर आहे.”

“अगं, किंमत बघ ना! या पैशांत दुसरीकडे नुसते दिवे मिळतील, दिवे!”

तिने मला चालवून पाहिलं. वळणावर ती मनापासून हसली, तेव्हाच मी तिची होऊन गेले. म्हणूनच मला तिला फसवायचं नव्हतं. घाटात माझं इंजिन बंद पडलं असतं, तर ती भररस्त्यात अडकली असती.

तिने थोडी आगाऊ रक्कम दिली आणि जाता जाता म्हणाली, “आईने पंचांग पाहिलंय. परवा सकाळी सातचा मुहूर्त आहे. त्या दिवशी माझ्याआधी कुणी किल्ली फिरवायची नाही हं. फिरवली तर विकणाऱ्याच्या धंद्याला बाधतं म्हणे.”

ताउकेंचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाला फसवताना ते कधी कचरले नव्हते, पण पंचांगाला ते टरकून असत. त्यांनी किल्ली देवापुढे ठेवून दिली आणि तिला हातही लावला नाही.

त्या सकाळी सुक-यीची आई लाल फीत बांधलेला अननस घेऊन आली. नव्या गाडीपुढे अननस घरंगळवला की बरकत येते ना! मी मनाशी पक्कं केलं होतं, आज जे आहे ते सांगायचं. मग कापलं तर कापू देत.

सुक-यीने किल्ली फिरवली. मी खोकले, अंगभर थरथरले आणि गोडसर वासाच्या पांढऱ्या धुराने अख्खी शेड भरून टाकली.

“बाई गं!” आईने नाकाला रुमाल लावला. “ही गाडी आहे की धूपदाणी?”

“सकाळचा गारवा हो, दुसरं काय,” ताउके म्हणाले.

“परवा ऊन, आज गारवा. तुमच्या शेडचं हवामान भलतंच लहरी आहे हो,” सुक-यी म्हणाली. तिने इंजिन बंद केलं. “गोड वासाचा धूर, म्हणजे रेडिएटरचं पाणी जळतंय. गॅस्केट गेलंय. गाडी मला हवी आहे, पण ही किंमत चांगल्या इंजिनाची आहे. हेड उघडून दुरुस्त करायचा खर्च वजा करा. आत आणखी काही निघालं तर त्याचाही धरा. नाहीतर आगाऊ रक्कम परत द्या.”

“त्यापेक्षा कापून विकीन! भंगारवाला तुझ्याएवढी घासाघीस करत नाही.”

“विका. घाटात बंद पडली तर ढकलायला तुम्ही येणार आहात का?”

ती चालू लागली. एकदाही मागे वळली नाही. वळली असती तर विरघळली असती. मला रडू येत होतं, पण खरं सांगितल्याचा पश्चात्ताप नव्हता. मागोमाग आईही अननस उचलून निघाली.

“अहो, अननस कुठे नेता?” ताउके धावले. “आलेली बरकत दारातून परत नेतात का कुणी?”

“मग पोरीची किंमत मान्य करा. ठेवते इथेच,” आई म्हणाली.

ताउकेंनी कपाळाला हात लावला आणि होकारार्थी मान हलवली.

सह्या झाल्यावर आई लेकीच्या कानाशी कुजबुजली, “पण अगं, मी तर दुपारची वेळ सांगितली होती!”

“हो मा. पण दुपारपर्यंत इंजिन तापवायचा मोह ताउकेंना आवरला असता का?”

आईने तिला एक चापट मारली आणि दोघी पोट धरून हसल्या. मला सुरू न करता लॉरीला बांधून गॅरेजमध्ये नेलं. रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसत होते. हसू देत.

इंजिन नीट झालं. आता मी आठवड्याला घाट चढते, उतरते, आणि अजून एकदाही तिला रस्त्यात सोडलेलं नाही.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कदाचित जुनी गाडी घ्यायला जाल. रंगावर आणि स्वस्ताईवर भाळू नका. तिला रात्रभर झोपू द्या, सकाळी स्वतःच्या हाताने उठवा आणि ती काय म्हणते ते ऐका. तिने आपलं दुखणं सांगितलं, म्हणून लगेच पाठ फिरवू नका. त्या दुखण्याचा खर्च किमतीतून वजा करा, आणि जमत असेल तर तिला घरी घेऊन जा.