उतार

"भरा मावशी, पण आजच्या भावानं," असं म्हणत अमृतनं मोटारसायकल स्टँडवर लावली. दोन्ही बाजूंना अडकवलेले दुधाचे कॅन हेलकावले.

मालनबाई बाटली आणि नरसाळं घेऊन बाहेर येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आजचा भाव म्हंजी?"

"रात्री टीव्ही लावला न्हाई व्हय? पाच रुपयानं उतारलं पेट्रोल. समद्या खर्ड्यात तेच चाललंय."

"उतारलं आसंल. पर ही बाटली परवाच्याला आनलेल्या कॅनातली हाय. तवा काय भाव हुता, तुला म्हाईत न्हाई का?"

"हे बरंय! चढलं का त्याच सकाळी तुमची बाटली चढती. अन् उतारलं का माल परवाचा!"

अमृत म्हणत होता ते खोटं नव्हतं. भाव चढला की त्याही चढवत, कारण पुढचा कॅन त्याच चढ्या भावानं आणावा लागे. पण हे त्याला कसं सांगावं याचा विचार त्या करत होत्या, तेवढ्यात त्यानं खिशातून मोबाईल काढून त्यांच्यासमोर धरला. उतरल्याची बातमी दाखवतोय असं वाटून त्यांनी डोळे बारीक करून मोबाईलकडे पाहिलं आणि त्या थोडं हसल्या.

"बगा मंडळी, पेट्रोल उतारलं तरी आमच्या फाट्यावर लूट चालूच हाय," अमृत म्हणाला.

तो कोणाशी बोलतोय ते त्यांना कळलं नाही. त्यांनी बाटली टाकीत रिकामी केली. अमृतनं कुरकुरत जुन्या भावानं पैसे दिले आणि डेअरीला उशीर होतोय म्हणून तो निघून गेला.

खर्ड्याच्या पुढं रस्ता एक खिंड चढून डोंगरवस्त्यांकडे उतरतो. खिंडीच्या पलीकडे, वस्त्यांच्या बाजूला, फाट्यावर मालनबाईंची पत्र्याची खोली होती. पंप खर्ड्यालाच. वस्त्यांवरून निघालेल्या माणसाचं पेट्रोल संपायचं ते नेमकं या चढावर. मग तो गाडी ढकलत मालनबाईंच्या दारात यायचा. दारात लिंबाखाली एक बाज होती आणि बाजेवर पेट्रोलच्या बाटल्या. वीस वर्षांत रात्री-अपरात्री कोणी हाक मारली आणि मालनबाई उठल्या नाहीत, असं झालं नव्हतं. वस्त्यांवरची बाळंतीण असो, साप चावलेला माणूस असो की परीक्षेला निघालेली पोरगी, त्यांच्या गाडीत मालनबाईंची बाटली गेलेली होती. बाटलीमागं चार पैसे सुटत, त्यावर त्यांचं एकटीचं भागत होतं.

अमृत गेल्यावर थोड्या वेळानं चढाच्या खालच्या अंगानं एक बाई स्कूटर ढकलत येताना दिसली. साडीचा पदर कमरेला खोचलेला, कपाळ घामानं भिजलेलं. डोंगरवस्तीच्या शाळेवरच्या या शिक्षिका. मालनबाईंनी त्यांना येता-जाता पाहिलं होतं, पण त्या कधी थांबल्या नव्हत्या. थांबायचं त्यांना कारणच नव्हतं. त्यांची गाडी विजेची होती.

मालनबाईंनी सवयीनं बाटली उचलली आणि मग त्यांनाच हसू आलं.

"बाई, हिला बाटली कुटं लावायची?"

शिक्षिकाही हसल्या, पण दमलेल्या. "रात्रभर खर्ड्यात लाईट नव्हती मावशी. अर्ध्या चार्जिंगवर निघाले. शाळेच्या अलीकडंच बंद पडली. तिथं सध्या मीटरच जळालंय, म्हणून मागं फिरले. तुमच्याकडं लाईट आहे का?"

"आत्ता हाय. दुपारपातूर ऱ्हाती. आना आत."

स्कूटर भिंतीला लावून चार्जरची वायर खिडकीतून आत घेतली. फ्रीज नव्हताच, टीव्हीचा प्लग काढून तिथं चार्जर लावला. हिरवा दिवा लागला तसा शिक्षिकेनं सुस्कारा सोडला आणि मुख्याध्यापकांना फोन केला. पलीकडून काय बोलणं झालं ते मालनबाईंना ऐकू आलं नाही, पण फोन ठेवताना शिक्षिकेचा चेहरा उतरला होता.

"रागावलं का सायेब?"

"रागावले असते तर बरं होतं. हसले. म्हणाले, 'स्टेलाबाई, थोडी कळ काढायची होती. आता पेट्रोल उतरलं, अन् तुम्ही गाडी ढकलताय.' सकाळपासून हे तिसऱ्यांदा ऐकतेय. आमच्या मिस्टरांचाही श्रीरामपूरवरून फोन आला. पॉल पहिल्यापासून म्हणत होते, डोंगरात विजेची गाडी कशाला म्हणून."

"मंग का घेतली?"

"पेट्रोल एकशेवीसला गेलं होतं तेव्हा, मावशी. रोज येऊन-जाऊन एवढा पल्ला. सगळे म्हणत होते, आता पेट्रोल काही खाली येत नाही. अन् पुढं सगळ्यांना विजेवरच यायचंय, मग आपण आधी आलो तर काय बिघडलं, असं वाटलं."

मालनबाईंनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. स्टेलाबाईंची नजर कोपऱ्यातल्या कॅनकडे गेली. कॅन चुलीपासून लांब होता, वर ओलं पोतं टाकलेलं होतं, पण खोली केवढीशी. त्या उठून बाहेर लिंबाखालच्या बाजेवर जाऊन बसल्या.

चहा घेता घेता मालनबाईंनी विचारलं, "समद्या गाड्या तुमच्यासारख्या झाल्या, तर मंग मानसं रस्त्यात आडायचीच न्हाईत का?"

"अडतील की. मी अडलेच ना?"

"मंग त्येंना काय द्यायचं? बाटलीत वीज भरता येत न्हाई."

"जागा द्यायची. बसायला, गाडी लावायला." स्टेलाबाईंनी कप खाली ठेवला. "मावशी, तुम्ही हे पेट्रोलचं कधीपासून करता?"

मालनबाईंनी रस्त्याकडे पाहिलं.

"मालक गेले तवापसनं. छातीत दुखाया लागलं त्येंच्या. शेजारच्यानं मोटारसायकल काडली, मी मागं धरून बसले. हितंच, ह्या चढावर गाडी बंद पडली. पेट्रोल संपलेलं. त्यो पोरगा ढकलीत ऱ्हायला, मी मालकाला धरून चालत ऱ्हायले. मागून कोनी आलं न्हाई, म्होरनं कोनी आलं न्हाई. खिंडीपातूर गेलो अन् मालक म्हनले, जरा बसू दे. बसले ते बसलेच." त्यांनी पदर सारखा केला. "म्हैना झाल्यावर खर्ड्याला गेले अन् कॅन भरून आनला. लोकास्नी वाटलं, बाईला धंद्याचं सुचलं. वाटू दे. धंदा बी झालाच की."

तेवढ्यात मालनबाईंचा साधा मोबाईल वाजला. जामखेडला दिलेली लेक, राजेश्वरी.

"आई, काय करून बसलीस तू?" ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की स्टेलाबाईंनाही ऐकू येत होतं. "तुझा व्हिडिओ आलाय. सासऱ्यांनीच दाखवला मला. तू हातात बाटली घेऊन हसतीयास, अन् लोक खाली काय काय लिहितायत, वाचवत न्हाई गं. 'हिच्यासारक्यांमुळंच सवस्ताई गरिबापातूर येत न्हाई' म्हनं."

"मी कुटं हसले?"

"हसतीयास, आई."

मालनबाईंनी फोन ठेवला. स्टेलाबाईंनी आपल्या मोबाईलवर शाळेचा पालकांचा ग्रुप उघडला. तिथंही व्हिडिओ आला होता. त्यांनी मालनबाईंना दाखवला. मालनबाईंनी स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. दारात उभी असलेली, बाटली छातीशी धरलेली, डोळे बारीक करून हसणारी एक म्हातारी.

"आसं दिसतंय खरं," त्या म्हणाल्या.

दुपारच्या आत हवालदार आले. कानिफनाथ हवालदार याच भागातले, मालनबाईंना नावानं ओळखणारे. त्यांच्या मागोमाग फाट्यावरचा किराणावाला गोरक्षनाथ आला, मग वस्तीवरचे आणखी चौघे-पाच जण. मोटारसायकली लांब लावून सगळे लिंबाच्या सावलीत उभे राहिले.

"मावशी, कॅन कुटंय?"

"आत हाय. काय झालं सायेब?"

"व्हिडिओ वरपातूर गेलाय. साहेबांचा फोन आला. सुटं पेट्रोल ठेवायला परवानगी लागती, म्हाईत हाय ना? आन् घरात चूल! उद्या भडका उडाला तर तुमी बी जाल आन् माझी नोकरी बी जाईल."

"इतकी वरसं उडाला न्हाई."

"उडाला आसता तर इतकी वरसं झाली नसती," हवालदार म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

गोरक्षनाथ पुढं झाला. "सायेब, बाईची सोय हुती, ते खरं. पर भाव उतरल्यावर तरी बाईनं मानसासारकं वागायचं. लोकांचं बी काय चुकलं?"

मालनबाईंनी जमलेल्यांकडे पाहिलं. त्यातल्या एकाच्या सुनेला मागच्या श्रावणात रात्री दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा त्यानं इथंच हाक मारली होती. तो आता आपल्या चपलेकडे बघत होता. कोणी वाईट बोललं नाही, कोणी चांगलंही बोललं नाही.

स्टेलाबाई उठून उभ्या राहिल्या. "हवालदारसाहेब, या भागात पंप नाही. यांनी लोकांची अडचण भागवलीय. एवढं तरी कागदावर घ्या."

"बाई, कागदावर घ्यायला जागा आसती तर घेतलं आसतं."

तेव्हा मालनबाई स्टेलाबाईंकडे वळल्या. "तुमी शिकलेल्या. तुमी खरं सांगा. चुकलं का माझं?"

सगळे ऐकत होते. स्टेलाबाईंना 'नाही' म्हणायचं होतं. पण मघाशी चुलीच्या खोलीतला कॅन बघून आपण बाहेर बाजेवर का जाऊन बसलो, हे त्यांना आठवत होतं.

"घरात ठेवायला नको होतं, मावशी," त्या हळू म्हणाल्या.

मालनबाईंनी मान डोलावली. आत जाऊन त्यांनी पोतं बाजूला केलं, कॅन दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणला आणि हवालदारांपुढं ठेवला. मग बाजेवरच्या बाटल्या एकेक करून आणून त्याच्या शेजारी मांडल्या. मदतीला एकजण पुढं झाला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. हवालदारांनी पंचनामा लिहिला, दोघांच्या सह्या घेतल्या, कॅन दोरीनं गाडीला बांधला. "समज देऊन सोडतोय, मावशी. पुन्ना आनू नका. खरंच नका आनू," असं म्हणून ते गेले. बाकीचेही पांगले.

लाईट गेली तेव्हा स्टेलाबाईंची गाडी खर्ड्यापर्यंत जाण्याइतकी भरली होती. त्यांनी वायर गुंडाळली आणि पर्समधून पैसे काढले.

"किती झाले मावशी?"

"मला विजंचं मोजता येत न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "ठेवा ते."

"मघाशी मी तसं बोलायला नको होतं."

"का? खरं हुतं की. खोटं बोलला आसता तर पुन्ना चा घ्यायला बोलावलं नसतं." मग त्यांनी रिकाम्या बाजेकडे पाहिलं. "पर बाई, घरात नको, ते कळलं मला. मंग कुटं ठेवायचं, ते कोनीच सांगितलं न्हाई."

स्टेलाबाईंनी पैसे परत पर्समध्ये ठेवले. त्या गेल्या.

संध्याकाळी डेअरीवरून परतताना अमृत थांबला. गाडीवरून उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही.

"मावशी, मी नुसतं आपल्या ग्रुपवर टाकलं हुतं. पोलिसात मी न्हाई दिलं."

मालनबाई अंगण झाडत होत्या.

"डिलीट केलंय आता," तो म्हणाला.

"बरं केलंस."

आणखी काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून तो थोडा थांबला. मालनबाई झाडत झाडत घराच्या मागच्या बाजूला गेल्या, तसा तो निघून गेला.

दिवस मावळत असताना खालून एक जोडपं आलं. नवरा मोटारसायकल ढकलत होता, बायको लहान मुलीला कडेवर घेऊन मागं चालत होती. दोघं अनोळखी होते. रिकाम्या बाजेपाशी येऊन तो थांबला.

"हितं एक मावशी बाटली देत्यात म्हनं?"

"देत हुते."

"मंग द्या की एक."

मालनबाईंच्या तोंडून शब्द लवकर निघेना. वीस वर्षांत या दारात त्यांनी तो उच्चारला नव्हता.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "आता न्हाई."

माणूस मटकन बाजेवर बसला. "पेट्रोल सवस्त झालं म्हून हिला म्हनलं, चल, तुझ्या म्हायेराला जाऊन येऊ. टाकी बी भरली न्हाई. म्हनलं, येताना खर्ड्याला भरू, तवर आजून उतरंल."

बायकोनं मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. दोन-तीन गाड्या गेल्या, हात केला तरी थांबल्या नाहीत. अंधार पडत चालला होता.

मालनबाईंनी आत जाऊन मुलीला गुळाचा खडा आणि सगळ्यांना पाणी दिलं. मग दाराला कडी घातली.

"उठ," त्या माणसाला म्हणाल्या. "खिंडीपातूर चढ हाय. तितनं खाली खर्ड्यापातूर निसता उतार. इंजिन बंद आसलं तरी गाडी जाती."

"तुमी कुटं येताय मावशी?"

"तू म्होरनं हँडल धर."

मुलीला टाकीवर बसवलं. आई तिला बाजूनं धरून चालू लागली. मालनबाईंनी दोन्ही हातांनी मागचं कॅरियर धरलं आणि अंगाचा भार टाकला. गाडी हलली. पहिल्या वळणाला त्यांना दम लागला, तेव्हा तो माणूस म्हणाला, "बास, तुमी जावा आता." त्यांनी ऐकलं नाही. चढ जसा उभा होत गेला तशा त्या आणखी वाकल्या. वारा समोरून येत होता. मुलगी मध्येच 'हुर्र' करत होती, तेवढाच आवाज.

खिंडीत पोहोचल्यावर सगळे जागच्या जागी उभे राहिले. खाली खर्ड्याचे दिवे लागले होते. त्या माणसानं मालनबाईंच्या पाया पडायला वाकायचं केलं, पण त्यांनी त्याच्या दंडाला धरून उभं केलं.

"बरेकवर हात ठेव. लेकराला पुडं घट धर. म्होरं वळनाला खडी सांडलीय, हळू घे."

तिघं बसले. त्यानं पायानं रेटा दिला. गाडी आवाज न करता सुटली, आधी सावकाश, मग वेगानं. पहिल्या वळणाला ती दिसेनाशी झाली. नंतर खालच्या वळणावर मुलीच्या अंगातलं पिवळं झबलं क्षणभर दिसलं.

मालनबाई तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग परत फिरल्या. चढ चढताना त्यांच्या एका पायातली चप्पल कुठंतरी निसटली होती. रस्त्याच्या कडेनं, पायानं गवत चाचपत, ती शोधत त्या खाली उतरू लागल्या.