डोळे नसलेली होडी

नारळी पौर्णिमेची सकाळ. भरती चढत होती. हळूहळू, पावलापावलाने, घरी उशिरा परतणाऱ्या नवऱ्यासारखी. सुवर्णधूसर ऊन, शंखशुभ्र फेस, शेवाळश्यामल खडक. समुद्र प्रसन्न. आकाश प्रसन्न. कावळे नेहमीप्रमाणे कामावर.

वाळूवर तांडेलांची होडी उभी होती आणि होडीआड भागोजी उभा होता. होडी नव्या रंगात झळाळत होती. भागोजीचा रंग उडाला होता.

भागोजीला चित्रकला कुणी शिकवली नाही. शाळेत मास्तरांनी आंबा काढायला सांगितला. त्याने आंब्याची गोडी काढली. मास्तरांनी त्याला वर्गाबाहेर काढले. तेव्हापासून दिवसा लोकांच्या होड्या रंगवाव्यात, डब्यांच्या तळाशी उरलेल्या रंगाने जुन्या शिडांवर आपली निराकार, निर्नाम, नीलव्याकुळ चित्रे रंगवावीत, आणि त्यांवर बायकोने बोंबील वाळत घालावेत, असे त्याचे आयुष्य गेले. रसिक पुष्कळ लाभले. बहुतेक मांजरे होती.

पण होडीच्या नाळेवर, त्या उंच पुढच्या टोकावर, दोन डोळे काढायची रीत. डोळ्यांना कुंकू लावायचे, नारळ वाढवायचा, मग होडी दर्यात. यंदा भागोजी डोळे काढायला बसला आणि हात ऐकेना. करड्यातून हिरवे उमलले, हिरव्यातून जांभळे उमलले. डोळे काही उमलले नाहीत. आज हे नापसंत झाले, तर पुन्हा शिडाला कुंचला लावायचा नाही, जन्मभर मुकाट डोळेच काढायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

तांडेलांची बायको वेणूबाई पूजेचे ताट घेऊन आली, मागोमाग तांडेल. कुंकवाचे बोट उचलले आणि ते उचललेलेच राहिले.

“भावजी, डोळे कुठे हिचे? वाट कशी दिसायची?”

भागोजीचा घसा कोरडा पडला. समोर एवढा समुद्र असून उपयोग नव्हता.

“मला ह्यात सासरेबुवा दिसतात,” तांडेल म्हणाले. “रागावलेले.”

“दिसू देत. माझे आबा रागीट होते, पण वाट कधी चुकले नाहीत.”

बोलता बोलता ती थांबली. एक पाऊल मागे सरली. तिचा आवाज ओला झाला.

“अहो, आबा पहाटे परतायचे, तेव्हा खाडीच्या तोंडाशी पाणी असंच असायचं ना?”

तांडेलांनी डोक्यावरची टोपी काढली. “अगदी असंच.”

वारा थबकला. लाट थबकली. भागोजीच्या उरात, वर्षानुवर्षे तळाशी साकळलेला एक रंग हलकेच विरघळला आणि डोळ्यांच्या काठाशी आला.

“मग हिचे डोळे भावजींकडेच राहिलेत,” वेणूबाई म्हणाली. तिने होडीचे कुंकू भागोजीच्या कपाळी लावले, अक्षता टाकल्या, त्यालाच ओवाळले. भागोजी होडीसारखा निमूट उभा राहिला. नारळ तेवढा त्याच्यावर वाढवला नाही.

होडी पाण्यात शिरली. भागोजीने हात जोडले. रंगाला, पाण्याला, पाहणाऱ्याला. होडी दूर गेली. तिचे दोर गेले, डोलकाठी गेली, माणसे गेली, आकार गेला. उरला रंगाचा एक ठिपका, निळ्यात जांभळा, जांभळ्यात ओला. आणि मग नुसता निळा, नुसता निळा.