बर्फ घेऊन आलेला माणूस

विज्ञान दिनाच्या प्रयोगासाठी बर्फाची लादी हवी होती. मी शिकवते त्या कॉलेजातून चिकलठाण्याच्या बर्फाच्या कारखान्यात फोन गेला आणि लादी घेऊन अण्णा स्वतःच आले. दुसऱ्या कोणाला तरी पाठवतील असं मी धरून चालले होते.

अण्णा म्हणजे माझे वडील, सर्जेराव. एकतीस वर्षं त्या कारखान्यात डब्यांत पाणी भरायचं आणि गोठलेल्या लाद्या ओढून काढायच्या, हे त्यांचं काम. कॉलेजात मी सांगितलं होतं, वडिलांचा मशिनरीचा व्यवसाय आहे. हे त्यांना आईकडून कळलं होतं. म्हणून प्रयोगशाळेच्या दारात, गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन त्यांनी विचारलं, "कुठं ठिवू, मॅडम?"

प्रयोग साधा आहे. लादीवर आडवी तार टाकायची, दोन्ही टोकांना विटा बांधायच्या. दाबाखाली बर्फाचा द्रवणांक उतरतो, तारेखालचा बर्फ वितळतो, तार खाली सरकते आणि तिच्यावरचं पाणी पुन्हा गोठतं. तार आरपार जाते, लादी अखंड राहते. मी सातवीत असताना कारखान्याच्या ओट्यावर अण्णांनीच मला तो दाखवला होता.

एका मुलीनं तारेऐवजी नायलॉनचा दोरा लावून पाहिला. विटा तेवढ्याच, पण दोरा आत शिरेना. वजन वाढवा, असं मी सांगितलं.

मागून अण्णा बोलले, "नुसत्या दाबानं नाय व्हत, मॅडम. तारंतून भायेरची गरमी आत जाती. दोऱ्यातून कशी जाईल?"

मुली हसल्या. विभागप्रमुख सुलेखा मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला कोणी विचारलंय का? खाली जिन्यापाशी थांबा," मी अण्णांना म्हणाले.

ते दीड तास थांबले.

संध्याकाळी गारखेड्यातल्या माझ्या फ्लॅटवर मी आकडेमोड केली. त्या विटांनी द्रवणांक जेमतेम एक दशांश अंश उतरत होता. तेवढ्यावर तार तासाभरात आरपार जाणं शक्य नव्हतं. अण्णांचंच बरोबर होतं, हे त्यांना सांगायला मी फोन उचलला आणि रविवारी जाऊनच सांगू म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा ओढताना अण्णा कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

भाऊ इंद्रजीत मस्कतहून यायचा होता, म्हणून अण्णांना बर्फावर ठेवायचं ठरलं. त्यांच्यासोबत काम करणारे कृष्णाकाका चार लाद्या घेऊन आले. परवा सर्जेरावनंच भरलेल्या ह्या, असं ते आईला म्हणाले. अण्णांच्या पाठीखालचा बर्फ भराभर वितळू लागला. वजनानं वितळतोय, असं कोणीतरी बोललं. वजनानं नव्हे. अंगात अजून ऊब होती.

दुपारी सुलेखा मॅडम भेटायला आल्या. हात जोडून वाकल्या, चेहरा पाहिला आणि तशाच थांबल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "संध्या, हे काल बर्फ घेऊन आलेले ना?"

चेहऱ्यात साम्य असेल, असं सांगता आलं असतं. वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं.

आईनं मान वर केली नाही. "सांगा की, मॅडम," ती मला म्हणाली. "कोण व्हते ते."

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले.

"माझे वडील," मी म्हणाले. "बर्फाच्या कारखान्यात कामगार होते. काल मी त्यांना जिन्यापाशी उभं केलं, कारण ते बरोबर बोलत होते आणि मला त्यांची लाज वाटत होती."