वाळवणाचं कलम

आमच्या नातसुनेला सरळ उत्तर देता येत नाही. सपना तिचं नाव, माझ्या प्रशीलची बायको, पुण्यात शिकून आलेली. विचारा तिला, आज भाकरी करायची की पोळी? म्हणते, "आजी, अजून ठरलेलं नाही." विचारा, माहेरी कधी जाणार? "तसा प्रस्ताव आहे." प्रस्ताव! आम्ही माहेरी जायचो तेव्हा पिशवी भरून यष्टीत बसायचो. प्रस्ताव कोणी मांडत नव्हतं.

हे सगळं तिच्या नोकरीमुळं. नोकरी काय, तर पिंप्राळ्याच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत बसून सरकारच्या कायद्यांवर नजर ठेवायची. मुंबईला नाहीतर नागपूरला अधिवेशन भरलं, की तिथं जे कायदे मांडतात त्यातले झाडांचे, पाण्याचे, धुराचे आणि सूर्याच्या विजेचे ही टिपून घेते. कुठला मांडला, कुठला अडला, कुठला समितीकडे गेला, कोणी त्यात काय बदलायला सांगितलं. मग ते सोप्या मराठीत लिहून, धुळ्यापासून गडचिरोलीपर्यंत ज्याला पाहिजे त्याच्या मोबाईलवर पाठवते. पगार एक संस्था देते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली ही, कानात ती ऐकायची बोंडं घालून. त्यांच्या फोटोखाली बसून कायदेच बघते म्हटल्यावर मला काही बोलता येत नाही. नाहीतर कधीच बोलले असते.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन चालू होतं. मी तिला चहा द्यायला गेले तर समोरच्या पडद्यावर कोणाची तरी गच्ची, आणि गच्चीभर काळ्या निळ्या काचा.

"हे काय गं?"

"सौर छताचं विधेयक, आजी. आज मांडलं. ज्यांची गच्ची मोठी आहे त्यांनी तिच्यावर पॅनल लावायचे, असं आहे त्यात."

"किती गच्चीवर?"

"जिना आणि टाकी सोडून सगळ्या."

माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

आता माझी गच्ची म्हणजे काय ते सांगते. आमच्या गल्लीत बाकी सगळी पत्र्याची घरं. आमच्या ह्यांनी, देवचंदांनी, भुसावळला रेल्वेत नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर हे स्लॅबचं घर बांधलं. तेव्हापासून उन्हाळा लागला की गल्लीचं सगळं वाळवण माझ्या गच्चीवर. ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया, मिरच्या, हळद. पलीकडच्या किराणा दुकानवाल्या पारसमलची लाडकुंवर तिच्या मुगाच्या वड्यासुद्धा इथंच घालते. कोणाचं कापड कुठं अंथरायचं, कोणी आधी, कोणी मागून, हे मी ठरवते. त्या गच्चीवर लग्नं जमलीत. एक मोडायला निघालं होतं, ते कुरडया घालता घालता जागेवर आलं. गच्ची आहे म्हणून गल्ली मला अक्का म्हणते. ती काचांनी भरली तर मी कोण? खाली खुर्चीत बसलेली एक म्हातारी.

"कधी येणार लावायला?" मी विचारलं.

"अजून काही ठरलेलं नाही, आजी."

ठरलेलं नाही! म्हणजे उद्यासुद्धा येतील. मी चहा तिथंच ठेवला आणि थेट शेजारच्या मंजुळाबाईच्या दारात उभी राहिले. मंजुळाबाई शिरपूरकडची, घाबरायला एका पायावर तयार.

"कायदा उना का अक्का? आते बिबडा कथा वाळाडूत?"

"कायदा आला, पण माणसं यायचीत," मी म्हटलं. "ती यायच्या आत वर्षाचं उरकून घ्यायचं."

झालं. ऐन थंडीत गल्लीभर ज्वारी भिजली. जी ज्वारी आम्ही होळीच्या आसपास भिजत घालतो, ती डिसेंबरात. भरडली, रात्रभर आंबवली, तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून पातेलीच्या पातेली घाटा शिजवला आणि ओल्या धोतरांवर थापून गच्ची पांढरी करून टाकली. लाडकुंवरनं पापडाचं पीठ मळलं. मळताना नवऱ्यावर तोंडसुख घेत होती, कारण पारसमलनं दुकानात तसल्याच पॅनलची जाहिरात लावली होती. "विकायचे तर खुशाल विका म्हटलं. पण माझ्या वड्यांवर त्याची सावली पडली, तर त्या दिवसापासून जेवण दुकानातच घ्यायचं."

सगळं चोख झालं, फक्त ऊन नव्हतं. आभाळ आलेलं, वारा गार. दुसऱ्या दिवशी बिबडे तसेच ओले. तिसऱ्या दिवशी मंजुळाबाईनं एक उचलून पाहिला तर तो ओल्या रुमालासारखा तिच्या बोटावर लोंबला.

"अक्का, ह्या तं वाळतसच नही! बठ्ठा वाया जातीन!"

तेवढ्यात सपना टॉवेल वाळत घालायला वर आली. सगळ्या गच्चीकडे बघत राहिली.

"आजी, हे काय चाललंय?"

"तुझा कायदा यायच्या आत उरकतोय."

आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, आणि ती पाण्याच्या टाकीला धरून हसायला लागली. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मला असा राग आला! पण पोरगी खाली बसली, आमच्यातच, मांडी घालून, आणि नीट सांगितलं. मांडलं म्हणजे कायदा झाला नाही. मांडलेल्यावर चर्चा होते. नाहीतर ते समितीकडे जातं. मग विधानसभेत मत, मग विधान परिषदेत मत, मग राज्यपालांची सही. "कितीतरी विधेयकं वाटेतच पडून राहतात, आजी."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही थांबलात कुठं? चहासुद्धा अर्धा ठेवून गेलात."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बघता काय? तेल आणा." ओले बिबडे टाकून देणारी बाई खान्देशात जन्माला यायचीय. कच्चं तेल, शेंगदाणे, कांदा. अख्खी गल्ली गच्चीवर बसून वर्षाची बेगमी एका दुपारी खाऊन उठली. लाडकुंवर कांद्याला हात लावत नाही, तिनं नुसत्या तेलाबरोबर खाल्ले आणि वर पारसमलला पोचवले. पॅनल विकणाराच सगळ्यांत जास्त खाऊन गेला.

खाता खाता सपनानं सांगितलं, की विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलंय आणि समितीनं लोकांच्या हरकती, सूचना मागवल्यात.

"मग लिही की आमच्या वतीनं," मी म्हटलं.

"मला नाही लिहिता येणार."

"का? हात मोडलाय?"

"माझं काम काय चाललंय ते सांगायचं, आजी. दोन्ही बाजूंचे लोक माझं वाचतात. मीच एका बाजूनं हरकत टाकली तर माझ्यावर विश्वास कोण ठेवील?"

"अगं, घरच्यांसाठी!"

"घरच्यांसाठी तर मुळीच नाही."

असं तोंडावर म्हणाली. बाकीच्या बायकांसमोर. सगळ्यांना पाठवलेला निरोप तेवढा माझ्या मोबाईलवर पाठवला. त्यात समितीचा पत्ता होता, शेवटची तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'नुसतं नको म्हणून थांबू नका, काय हवं ते लिहा.'

माझी शाळा तिसरीत सुटली. लिहिते, पण अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, मध्येच फुटणारं. प्रशील म्हणाला, मी टाईप करून देतो. नको म्हटलं. जिच्या घरात कायद्याची बाई बसलीय तिनं दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं, ही लाज मला नको. दुपारभर बसून लिहिलं. ते असं:

'साहेब लोकांना द्रौपदाबाईचा जयभीम. सूर्य आमच्याकडे आधीपासून कामाला आहे. तुम्ही त्याला विजेच्या कामाला लावा, हरकत नाही, आमच्याकडे ऊन खूप आहे. पण गच्ची रिकामी पडलेली असते असं तुम्हाला कोणी सांगितलं? ती पुरुषांना रिकामी दिसते. उन्हाळाभर तिच्यावर वर्षाचं वाळवण असतं. विजेला जागा द्या, बाईलाही द्या. वाळवणाची जागा कायद्यात लिहून सोडा. लिहून सोडली नाही तर कोणी सोडत नाही.'

खाली गल्लीतल्या बायकांच्या सह्या, अंगठे. सोबत मागल्या वर्षीच्या डब्यातले बिबडे, जाड पुठ्ठ्यात बांधून.

सपनानं ते पार्सल पाहिलं आणि कानातली बोंडं काढली. "आजी! समितीला खाऊ पाठवत नाहीत!"

"खाऊ नाही. पुरावा आहे."

"अहो, पण ते..."

"तुला एका बाजूनं बोलता येत नाही ना? मग गप्प बस."

तिनं बोंडं पुन्हा कानात घातली. देवचंद पोस्टात टाकून आले.

त्यानंतर थंडी सरली, आणि एका सकाळी मुंबईहून फोन. समितीचं काम बघणारी कोणी बाई. आवाज कडक. "द्रौपदाबाई का? तुमची सूचना नोंदवून घेतली आहे. सोबतचे पदार्थ मात्र स्वीकारता येत नाहीत. परत पाठवत आहोत."

"फुटू देऊ नका," मी म्हटलं.

मग आवाज एकदम खाली आला. "आजी, मी आपल्या खान्देशातलीच, साक्रीची आहे. पुठ्ठा उघडल्याबरोबर घरचा वास आला हो. साहेबांनी विचारलं हे काय, तर मला अर्धा तास बिबडे समजावून सांगावे लागले. एकानं विचारलं, हे छपराला लावायचे का?"

मी इतकी हसले की सपना आतून धावत आली.

मार्चमध्ये मुंबईचं अधिवेशन बसलं आणि इकडे खरं ऊन पडलं, बिबड्यांचं. गल्ली पुन्हा गच्चीवर. विधानसभेत विधेयक मंजूर झालं, पण समितीनं त्यात काय घातलं हे सपना सांगेना. म्हणे, छापील प्रत हातात आल्याशिवाय मी बोलत नाही. माझा जीव टांगणीला, आणि हिला छापील प्रत पाहिजे!

विधान परिषदेत चर्चेला आलं त्या दिवशी मीच तिला वर ओढलं. उन्हात मोबाईलचा पडदा दिसेना, म्हणून बाज उभी करून तिच्यावर गोधडी टाकली आणि त्या सावलीत आम्ही सगळ्यांनी डोकी घातली. मंजुळाबाईचे हात घाट्यानं भरलेले, ते तिनं वर धरलेले, शरण आल्यासारखे. मंत्री एकेक कलम वाचत होते. काही कळत नव्हतं. मग सपनानं माझं मनगट पकडलं.

'...घरगुती वाळवण व तत्सम कामांसाठी, कुटुंबाच्या मागणीनुसार, छताचा निम्म्यापर्यंत भाग मोकळा ठेवता येईल...'

"वाळवण म्हणाला!" लाडकुंवर ओरडली. "मंत्री वाळवण म्हणाला!"

"थांबा, मतदान व्हायचंय," सपना म्हणाली.

कोणी थांबलं नाही. मंजुळाबाईनं त्याच हातांनी मला मिठी मारली, पाठ सगळी घाट्यानं माखली. खालून देवचंद विचारत होते, काय पडलं, काय पडलं? तिकडे होय होय झालं, नाही कोणी म्हटलं नाही, आणि विधेयक मंजूर. सपनानं तिथंच बसून आपला निरोप लिहिला, सगळ्यांना पाठवला. त्यात माझं नाव नव्हतं. 'समितीने एका सूचनेवरून बदल केला', एवढंच. मी दोनदा वाचलं.

बायका पुन्हा कामाला लागल्या. सपना टाकीजवळ उभी होती, मोबाईल बंद करून. मला म्हणाली, "आजी, आता माझं काम झालं, म्हणून सांगते. मला हे विधेयक पहिल्या दिवसापासून हवं होतं. आपल्या गच्चीवर पॅनल लागावेत असं लग्न होऊन आले तेव्हापासून वाटत होतं. पूर्ण गच्चीभर."

"पूर्ण?"

"पूर्ण. तुमची हरकत गेली नसती तर पूर्णच लागले असते."

म्हणजे हिला पाहिजे होतं एक, आणि त्याच्याविरुद्ध लिहायचा पत्ता हिनंच मला दिला. तारीखसुद्धा. काय हवं ते लिहा, हेही हिनंच सांगितलं. तारीख उलटून जाऊ दिली असती तर मला काय कळणार होतं? इतके महिने माझी बोलणी खाल्ली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मी माझं कापड गोळा केलं. दक्षिणेकडचं, जिथं दिवसभर ऊन असतं आणि जिथं आजवर मी कोणाला बसू दिलं नव्हतं. बायका हात थांबवून बघायला लागल्या. मी तिला सगळ्यांसमोर सांगितलं:

"सपना, तुला भाकरी थापता येत नाही, धोतर पिळता येत नाही, आणि मनातलं सांगायला तुला अख्खं अधिवेशन लागतं. पण बाई म्हणून तू खरी आहेस, आणि ह्या घरात माझ्या तोडीची तूच. ही बाजू तुझी. बोलव त्या पारसमलला, लाव तुझे पॅनल. आणि भाव मी करणार, तू मध्ये बोलू नकोस."